उत्तरायुष्यातील संगणक-साक्षरता : ज्येष्ठ नागरिक, मोबाइल आणि समाजमाध्यमे

बीजसंज्ञा : ज्येष्ठ नागरिक, प्रौढ शिक्षण, संगणक-साक्षरता, समाजमाध्यमे, सायबर फसवणूक

प्रस्तावना

एकविसावे शतक हे माहिती तंत्रज्ञानाचे शतक होय, हे विधान आता इतके परिचयाचे झाले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. हे शतक नेमके कोणाचे, असा प्रश्न मात्र विचारावयास हवा. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे साडेआठ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. या व्यक्तींचे शालेय शिक्षण पाटी-पेन्सिलीवर झाले, नोकरी रजिस्टर आणि कार्बन पेपरवर झाली, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाती काचेचा एक पडदा आला. हा पडदा त्यांनी कसा आत्मसात केला, त्यात कोठे अडथळे आले आणि ते अडथळे खरोखर वयाचे आहेत की आपल्या शिकविण्याच्या पद्धतीचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘म्हाताऱ्या माणसांना यंत्र कळत नाही’ हा समज सार्वत्रिक आहे. घराघरांत तो विनोदाने बोलला जातो आणि ज्येष्ठ मंडळी स्वतःही तो मान्य करतात. परंतु इतिहासाकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया होत असत. एका रात्रीत रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असा अवघड हिशेब बाजारात उभा राहिला. त्याच सुमारास, १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यान्वये, शेर आणि मण टप्प्याटप्प्याने जाऊन किलोग्रॅम आले. अक्षरओळख नसलेल्या भाजीवाल्या स्त्रियांनी, साठीच्या पुढील सावकारांनी आणि शेतकऱ्यांनी हे दोन्ही बदल पचविले. ते कसे पचविले, यातच आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. व्यवहार रोजचा होता. चूक झाली तर समोरचा माणूस तेथल्या तेथे सांगत होता. जुनी आणि नवी नाणी काही काळ शेजारी शेजारी चालत होती. आणि नव्या पैशावर ‘रुपये का सौवां भाग’ अशी अक्षरे कोरलेली होती, म्हणजे वस्तू स्वतःच आपला अर्थ सांगत होती. आजच्या मोबाइलवरील तीन उभे ठिपके आपला अर्थ सांगत नाहीत.

संगणकाकडून मोबाइलकडे

महाराष्ट्रातील ज्येष्ठांच्या संगणक-शिक्षणात दोन स्वतंत्र लाटा आढळून येतात. त्या दोहोंत गल्लत केल्यामुळे पुष्कळसे धोरण चुकले, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

पहिली लाट कार्यालयीन होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तरी बहुसंख्य मराठी माणसाची संगणकाशी पहिली गाठ पडली ती बँकेत, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर अथवा स्वतःच्या कचेरीत. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. पन्नाशीकडे झुकलेले लिपिक, ग्रामसेवक, शिक्षक हे आपल्या मुलांच्या वयाच्या प्रशिक्षकासमोर बसून माऊस धरावयास शिकले. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत २०००-२००१ च्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा ती स्वीकारणाऱ्यांच्या मनात इतर कारणांबरोबर संगणकाची धास्तीही होती, हे त्या पिढीतील मंडळी आजही मोकळेपणाने सांगतात. तथापि ही लाट कशीही असली तरी तिला वर्ग होता, पाठ्यपुस्तक होते, परीक्षा होती आणि शेवटी भिंतीवर लावता येईल असे प्रमाणपत्र होते.

दुसरी लाट घरगुती आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने रोख व्यवहाराला धक्का दिला. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर उरलेला संकोचही संपविला. नातवंडांचे तोंड पाहावयाचे तर व्हिडिओ कॉलला पर्याय नव्हता. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील व्यक्तींचे कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा नोंदणी कोविन या संकेतस्थळावर होती. केंद्रावर थेट जाऊनही नोंद होत असे, परंतु रांगेत उभ्या असलेल्या वृद्धांना ते सांगणारे कोणी असेलच असे नव्हते. या लाटेतील बहुतेकांनी संगणक कधी हाताळलाच नाही, ते थेट मोबाइलवर आले. त्यांना वर्ग नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. शिक्षक आहे तो घरातील सर्वांत घाईत असलेला सदस्य.

प्रौढ माणूस शिकतो तो कसा

प्रौढांचे शिक्षण हे मुलांच्या शिक्षणाहून निराळे शास्त्र आहे, ही भूमिका अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मॉडर्न प्रॅक्टिस ऑफ अ‍ॅडल्ट एज्युकेशन’ या ग्रंथात विस्ताराने मांडली. प्रौढ व्यक्ती स्वतःला स्वतंत्र समजते, अनुभवाचा साठा घेऊन येते आणि एखादी गोष्ट आपल्या कोणत्या कामाची हे कळल्याखेरीज ती शिकावयास तयार होत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे प्रवाही आणि घनीभूत असे दोन प्रकार कल्पिले. नव्या, अनोळखी परिस्थितीत झटपट वाट काढणारी प्रवाही बुद्धी वयानुसार मंदावते. शब्दसंपत्ती, व्यवहारज्ञान, तारतम्य यांची घनीभूत बुद्धी मात्र उतारवयापर्यंत टिकते. यावरून शिकविणाऱ्याने काय घ्यावे हे उघड आहे : नव्या गोष्टीला जुन्या ज्ञानाचा आधार द्यावा. ‘फोल्डर’ हा शब्द कोऱ्या मनाला निरर्थक आहे, पण ज्याने तीस वर्षे फायली लावल्या त्याला ‘हे कपाट, हा खण, ही फाइल’ असे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही.

अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वयंक्षमतेची संकल्पना येथे अधिकच उपयुक्त ठरते. ‘मला हे जमेल’ या विश्वासावरच माणूस किती प्रयत्न करील हे अवलंबून असते, आणि हा विश्वास प्रामुख्याने स्वतःच्या हाताने मिळविलेल्या यशातून येतो. आपल्या घरांतील दृश्य नेमके याच्या उलट असते. आजोबा विचारतात, ‘हा फोटो पुण्याच्या काकूला कसा पाठवायचा?’ नातू म्हणतो, ‘द्या इकडे.’ तीन सेकंदांत फोटो पुण्यात पोहोचतो आणि आजोबांना पुन्हा एकदा पटते की हे आपले काम नव्हे. काम झाले, पण शिक्षण झाले नाही. किंबहुना शिक्षण उलट्या दिशेने झाले.

प्रस्तुत लेखिकेच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी परिसरातील ज्येष्ठांसाठी शनिवारी दुपारी मोबाइल-वर्ग सुरू केला, तेव्हा पहिला नियम असा करावा लागला की स्वयंसेवकाने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहावयाचे. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहील, बोटही त्याचेच चालेल. विद्यार्थ्यांना हा नियम पाळणे अत्यंत कठीण गेले, आणि काहींना पहिल्या तासाला घाम फुटलेला लेखिकेने पाहिला आहे. शिकविणे म्हणजे थांबणे, हा धडा त्या वर्गात ज्येष्ठांपेक्षा तरुणांना अधिक मिळाला असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

याच वर्गातील दुसरे निरीक्षण वह्यांविषयीचे आहे. बहुतेक आजी-आजोबा वही घेऊन येतात आणि पायऱ्या लिहून घेतात : हिरव्या चित्रावर दाबणे, वर उजवीकडे भिंग, तेथे नाव लिहिणे, इत्यादी. ही पद्धत उत्तमच आहे. अडचण अशी की काही महिन्यांनी अ‍ॅप अद्ययावत होते, भिंग उजवीकडून दुसरीकडे जाते, आणि सुवाच्य अक्षरातील ते पान निरुपयोगी होते. वही वाचणाऱ्याला वाटते की आपण लिहिण्यात चुकलो. वस्तुतः त्यांना वाट सांगितली गेली, नकाशा दिला गेला नाही. पडद्याचे एक व्याकरण असते. तीन ठिपक्यांच्या अथवा तीन आडव्या रेषांच्या मागे नेहमी आणखी काहीतरी दडलेले असते. फिकट करडे बटण म्हणजे अजून काही भरावयाचे राहिले आहे. भिंग म्हणजे शोध. मागे येणारा बाण बहुतेक वेळा काहीही न बिघडविता मागे आणतो. हे व्याकरण पहिल्या चार तासांत शिकविले तर पुढील बदलांना शिकणारा स्वतः तोंड देतो. ते न शिकविता थेट ‘गॅसचे बुकिंग’ शिकविले तर गॅसचे बुकिंग तेवढे येते, तेही पुढील अद्ययावतीकरणापर्यंत.

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘हे कसे करू?’ हा नसतो. तो असतो, ‘बाळा, चुकीचे दाबले तर फोन बिघडेल का गं?’ ज्या पिढीने महागडी वस्तू एकदाच घेतली आणि कापडाने झाकून ठेवली, त्या पिढीचा हा प्रश्न स्वाभाविक आहे. लहान मूल चुका करून शिकते कारण चुकीची किंमत त्याला ठाऊक नसते. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी भिंतीत बसविलेल्या संगणकावर वस्तीतील मुले कोणी न शिकविता खेळता खेळता शिकली, हा प्रयोग जगभर चर्चिला गेला. तोच संगणक वृद्धाश्रमाच्या भिंतीत बसविला असता तर बहुधा कोणी त्याला हात लावला नसता. कारण मंदबुद्धी नव्हे, तर जबाबदारीची जाणीव.

शारीरिक बाजूचा उल्लेख थोडक्यात करावयाचा तर चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि पुढे मोतीबिंदू, हाताचा कंप इत्यादी गोष्टींची भर पडते, हे सर्वज्ञात आहे. त्यामानाने कमी ज्ञात असलेली गोष्ट बोटाची आहे. मोबाइलचा पडदा बोटाच्या विद्युतधारकतेवर चालतो, आणि वयपरत्वे त्वचा कोरडी झाली की तो स्पर्शाची नोंद नीट घेत नाही. मग ज्येष्ठ व्यक्ती अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबते. जास्त वेळ दाबणे ही मात्र मोबाइलच्या भाषेत निराळीच आज्ञा असते. त्यामुळे भलतीच खिडकी उघडते किंवा चित्र जागेवरून हलते. ‘आईच्या फोनमधून काहीतरी सारखे गायब होते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इतके साधे असते. बहुतेक फोनमध्ये हा दाबून धरण्याचा अवधी वाढविण्याची सोय असते. अक्षर मोठे करण्याची तर सर्वांतच असते. फोन हाती देताना या दोन गोष्टी करून देणारी मुले फार थोडी.

लिपी, भाषा आणि आवाज

देवनागरी संगणकावर आणण्याचे काम जुने आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकाचा भाग झाला आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढील दीड-दोन दशके मराठी टंकलेखन निरनिराळ्या खासगी फॉण्टांत अडकून पडले. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हे होऊन उघडत असे. कचेरीत रेमिंग्टन यंत्रावर मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाची बोटे इनस्क्रिप्टवर अडखळली आणि मोबाइलवर तर त्यांचा उपयोगच उरला नाही. एका पिढीचे कौशल्य असे निवृत्तीआधीच निवृत्त झाले.

याचा परिणाम असा झाला की उत्तम मराठी लिहिणारी ज्येष्ठ मंडळी मोबाइलवर रोमन लिपीत मोडके मराठी लिहू लागली अथवा लिहिणेच टाळू लागली. आयुष्यभर शुद्धलेखनाचा आग्रह धरलेल्या शिक्षकाला ‘कसे आहात’ हे इंग्रजी अक्षरांत लिहावे लागणे, ही तांत्रिक अडचण नव्हे, तो मानभंग आहे. ध्वनिलेखनाने ही कोंडी पुष्कळ अंशी फोडली. व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आवाजी संदेश पाठविता येऊ लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश झाला. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही पहिल्यांदाच दूर असलेल्या माणसाला आपल्या वेळेनुसार निरोप धाडता येऊ लागला. पूर्वी त्यांना पत्रासाठी शेजारच्या शाळकरी मुलाला बसवावे लागे आणि मनातले अर्धे गिळावे लागे. सासरी असलेल्या लेकीला आईने स्वतःच्या आवाजात, कोणाच्या मध्यस्थीविना निरोप देणे, हा या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ आहे असे लेखिकेला वाटते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन साठी ते नव्वदीतील स्त्रिया तेथे अक्षरे गिरवावयास जाऊ लागल्या. आवाजाने काम भागत असले तरी अक्षराची ओढ संपत नाही, हेही त्यावरून दिसते.

समाजमाध्यमे : सोबत आणि संशय

निवृत्त माणसाचा दिवस मोठा असतो. नोकरीतील ओळखी विरळ होतात, मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात, आणि सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींतील एकेक जागा रिकामी होत जाते. अशा वेळी शाळेच्या १९६८ च्या तुकडीचा व्हॉट्सॲप समूह ही करमणूक राहत नाही. रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या आणि सूर्योदयाच्या चित्रांची तरुण पिढी थट्टा करते. तथापि त्या चित्राचा अर्थ ‘सुप्रभात’ इतकाच नसतो. ‘मी आजही उठलो आहे’ असा तो असतो. एखाद्या सकाळी ज्याचे चित्र आले नाही त्याच्या घरी दहाच्या आत फोन जातो. समूहांनी आपापसांत न ठरविता निर्माण केलेली ही विचारपूस-व्यवस्था आहे.

दुसरी बाजू गंभीर आहे. जून-जुलै २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून देशभर पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे त्याच संशयावरून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविणे सुरू केले आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा अधिक कडक निर्बंध आला.

अफवा पसरविण्यात केवळ ज्येष्ठच असतात असे मानणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या विश्वासाचे एक खास कारण आहे. ही पिढी छापील शब्दावर वाढली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. म्हणजे छापलेल्या प्रत्येक ओळीमागे पत्ता असलेला एक माणूस उभा असे, आणि चुकीचे छापले तर त्याला न्यायालयात खेचता येत असे. ‘छापून आले आहे’ हा पुरावा मानण्यात त्यामुळे भाबडेपणा नव्हता, तो अनुभव होता. मोबाइलवरील संदेश छापील अक्षरांसारखाच दिसतो, पण त्याच्या तळाशी मुद्रकाची ओळ नसते. वर्गात ‘खोट्या बातम्यांपासून सावध राहा’ असे उपदेशपर सांगून काही साधत नाही. ‘या मजकुराचा मुद्रक-प्रकाशक कोण ते शोधून दाखवा’ असे म्हटले की चष्मे सरसावले जातात. एक निवृत्त तलाठी काका तर पुढच्या शनिवारी आपल्या समूहातील अकरा निनावी संदेशांची यादी तारीखवार करून घेऊन आले. दप्तर तपासण्याचे त्यांचे जुने कौशल्य नव्या जागी कामास आले होते.

सक्ती, अपवर्जन आणि फसवणूक

इथपर्यंत शिकणे हा निवडीचा प्रश्न होता. पण गेल्या दहा-बारा वर्षांत तो हळूहळू सक्तीचा झाला आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी निवृत्तिवेतनधारकांसाठी जीवन प्रमाण ही हयातीच्या दाखल्याची डिजिटल सोय सुरू झाली. ती उपयुक्तच आहे, आणि कागदी दाखल्याचा मार्गही खुला आहे. परंतु आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा भांडी घासलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. जिवंत माणूस खिडकीसमोर उभा असतो आणि यंत्र त्याच्या हयातीविषयी साशंक असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली, ती याचसाठी महत्त्वाची ठरली. शेतकऱ्यांच्या बाबतीत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. यात शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची असते. गावात शेती पाहणारा बहुधा साठीचा गृहस्थ असतो आणि मोबाइल चालविणारा मुलगा शहरात.

या सक्तीच्या तुलनेत प्रशिक्षणाची तरतूद पाहिली की विसंगती ध्यानात येते. ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांपर्यंत संगणक-साक्षरता नेण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. कुटुंबातील एका व्यक्तीला वीस तासांचे विनामूल्य प्रशिक्षण देणारे हे अभियान ३१ मार्च २०२४ पर्यंत चालले आणि ठरविलेल्या संख्येहून अधिक व्यक्तींना त्यात प्रशिक्षण मिळाले. मात्र प्रवेशासाठी वयाची अट चौदा ते साठ अशी होती. म्हणजे ज्या वयात हयातीचा दाखला मोबाइलवर काढावयास सांगितला जातो, नेमके त्या वयाला मोबाइल शिकविणाऱ्या योजनेचे दार बंद होते. हे कोणी हेतुतः केले असे नव्हे. शिकण्याचे वय संपते हा जुना समज नियमावलीत नकळत उतरला, इतकेच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ते प्रकरण प्रामुख्याने आम्लहल्ल्यातील पीडित व दृष्टिबाधित व्यक्तींच्या ओळख-पडताळणीचे होते. पण पडद्यासमोर पापणी लवविता येत नाही म्हणून बँकेचे दार बंद होणे आणि बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून बंद होणे, यांत तत्त्वतः फरक नाही.

फसवणुकीविषयी लिहिताना लेखिकेला घरातील एक घटना सांगणे भाग आहे. लेखिकेचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना संदेश आला की वीजबिल अद्ययावत नसल्याने रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. खालच्या क्रमांकावर त्यांनी फोन केला. पलीकडचा इसम अतिशय आदराने ‘गुरुजी, गुरुजी’ म्हणत होता. त्याने एक अ‍ॅप घ्यावयास लावले, ज्यातून त्याला गुरुजींचा पडदा दिसू लागला, आणि दहा रुपये भरावयास सांगितले. खात्यातून अडतीस हजार रुपये गेले. वडील निर्बुद्ध नाहीत. त्यांनी चाळीस वर्षे शासकीय पत्रांवरील ‘तातडीचे’ हा शिक्का पाहून त्याच दिवशी उत्तर पाठविले होते. फसविणाऱ्याने त्यांच्या अज्ञानाचा नव्हे, तर त्यांच्या शिस्तीचा उपयोग करून घेतला.

खरे नुकसान पुढे झाले. त्यांनी ही गोष्ट चार दिवस कोणाला सांगितली नाही. आईच्या लक्षात आले ते त्यांनी जेवण टाकले म्हणून. विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘तुम्ही फोन काढून घ्याल.’ सायबर फसवणुकीत पहिले काही तास निर्णायक असतात. तक्रार तत्काळ झाली तर रक्कम पुढील खात्यात जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. वडिलांचे चार दिवस लाजेत गेले आणि पैसे परत आले नाहीत. ती लाज त्यांच्यात कोठून आली, याचा विचार केला तेव्हा लेखिकेला आपलीच वाक्ये आठवली : ‘अण्णा, तुम्हाला किती वेळा सांगितलं?’, ‘अण्णा, राहू द्या, मी करते.’

२०२४ मध्ये ‘डिजिटल अटक’ या प्रकाराने देशभर उच्छाद मांडला. पोलीस अथवा तपास यंत्रणेचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्तास बसवून ठेवावयाचे आणि पैसे उकळावयाचे, अशी ही पद्धत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये, कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, असे स्पष्ट केले. यातही सावज अनेकदा सुशिक्षित, निवृत्त, कायद्याला भिणारे असते. एकट्याने बसावयास लावणे हे या फसवणुकीचे मुख्य तंत्र आहे, म्हणून तिच्यावरील पहिला उपाय तांत्रिक नसून कौटुंबिक आहे : खोलीचे दार उघडून कोणाला तरी हाक मारणे. आणि हाक मारली असता ओरडा बसणार नाही, याची खात्री असणे.

आमच्या शनिवारच्या वर्गात आता वहीचे पहिले पान ठरलेले आहे. त्यावर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्याखाली दोनच वाक्ये लिहून घेतली जातात : पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही, आणि घाई करणाऱ्याचा फोन आधी ठेवावयाचा. दुसरे पान घरच्यांसाठी असते. त्यावर मुलाने, सुनेने किंवा लेकीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावयाचे की चूक झाली तरी फोन काढून घेणार नाही, आणि खाली सही करावयाची. हे पान अण्णांच्या सूचनेवरून आले. ते दर शनिवारी वर्गात येतात, पुढच्या बाकावर बसतात, आणि नव्याने आलेल्यांना त्या अडतीस हजारांची गोष्ट स्वतः सांगतात. ती सांगताना प्रारंभी त्यांचा आवाज खाली जात असे. आता ते फळ्याजवळ उभे राहून, खडूने त्या संदेशातील शुद्धलेखनाच्या चार चुका लिहून दाखवितात आणि विचारतात, ‘कचेरीचे पत्र असे असते का?’